अंधारात ठेवलेले उंदीर : विज्ञान दिनाच्या प्रकल्पाच्या नोंदी, नाशिक

१२ नोव्हेंबर २०२४

दिवाळीची सुट्टी संपून दुसरं सत्र सुरू झालं. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी जीवशास्त्राचा विषय आज पक्का केला : दैनिक लयीच्या, म्हणजे शरीरातल्या रोजच्या घड्याळाच्या, संशोधनातले उत्परिवर्ती (जनुकात बदल झालेले) उंदीर. स्टाफरूममध्ये थोडी कुरकुर झाली. विषय जड आहे, मुलांना थर्माकोलचा डीएनए करू द्या, पालकांनाही तो आवडतो, असं एका सहकाऱ्यांचं म्हणणं. पण मला हाच विषय हवा आहे. अकरावीच्या मुलांना जनुकाची व्याख्या पाठ असते, वाटाण्याचे गोल आणि सुरकुतलेले दाणेही पाठ असतात. एका जनुकातला बदल प्राण्याच्या वागण्यात कसा उतरतो, हे मात्र त्यांना कुठे बघायला मिळत नाही. इथे तो तासा-मिनिटांत उतरतो. मोजपट्टी लावून मोजता येतो.

जिवंत उंदीर आणायचा नाही, हे पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं. असे प्रयोग करायचे तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली संस्थेची नोंदणी लागते, नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते, आणि ते तसंच असायला हवं. आमचं साहित्य म्हणजे कागद, कात्री, डिंक आणि संशोधनात प्रसिद्ध झालेले आकडे.

१८ नोव्हेंबर

मुलांबरोबर पहिली खरी बैठक. फळ्यावर फक्त एक पिंजरा, एक चाक आणि एक दिवा काढला.

उंदीर रात्रीचा प्राणी. पिंजऱ्यात चाक ठेवलं की अंधार पडल्यावर तो त्यावर चढतो आणि एका रात्रीत कित्येक किलोमीटर धावतो, कुणी हाकलत नसताना. चाकाची फेरी झाली की चुंबकी खटका पडतो आणि संगणकात नोंद होते. बारा तास उजेड आणि बारा तास अंधार अशा खोलीत तो रोज दिवा मालवला की धावायला लागतो. पण त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. त्याला दिवा सांगतोय की आतून काही सांगतंय, हे वेगळं कसं करणार? म्हणून दिवा कायमचा मालवायचा. दाणापाणी भरपूर, तापमान सारखं, अंधार अखंड. पिंजरा साफ करायला माणूस जातो तोही रोज वेगळ्या वेळी, नाहीतर त्याच्या येण्यावरूनच उंदीर वेळ ओळखेल.

अशा अंधारात प्रयोगशाळेतला नेहमीचा काळा उंदीर, म्हणजे सी५७बीएल/६जे हा वाण, साधारण २३.७ तासांनी पुन्हा चाकावर चढतो. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच अंतराने. आठवडे लोटले तरी तेवढ्याच. घड्याळ त्याच्या आत आहे आणि आपल्या दिवसापेक्षा जरासं जलद चालतंय. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या लगेच वर, मिळून सुमारे वीस हजार चेतापेशी असलेली पुंजक्यांची एक जोडी हे काम करते. तेवढा भाग नष्ट केला की लय जाते, हे १९७२ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं. ते प्रयोग उंदरांवर नव्हे, मोठ्या रॅटवर झाले होते.

मागच्या बाकावरून प्रश्न आला : "मॅडम, रोज अठरा मिनिटं लवकर, म्हणजे महिनाभरात तो दिवसा धावायला लागेल का?" महिन्यात नऊ तास सरकेल, चाळीस दिवसांत पुरता उलटा होईल. त्यांनीच वहीत गुणाकार करून सांगितलं. त्याला अंधारात याचा पत्ताही नसतो. त्याच्या दृष्टीने रोज वेळेवरच चाललंय.

२१ नोव्हेंबर

काल मतदान. बहुतेक जण ड्यूटीवर होतो. आज प्रकल्पाचं काम नाही.

२५ नोव्हेंबर

मांडणीची पद्धत ठरली. मेन रोडवरून बिलाच्या मशीनला लागतात तसे कागदी रोल आणले; साधे, थर्मल नव्हे, कारण थर्मल कागद उन्हाने काळवंडतो. एक सेंटिमीटर म्हणजे एक तास. लांबलचक पट्टीवर दर २३.७ सेंटिमीटरला एक काळा पट्टा सुरू करायचा. तो म्हणजे उंदराचं धावणं. पूर्ण पट्टी काळी-पांढरी झाली की ती २४ सेंटिमीटरवर कापायची, पुढचा तुकडाही २४ चा, त्याच्या खालचाही, आणि सगळे एकाखाली एक चिकटवायचे. काळा पट्टा प्रत्येक ओळीत तीन मिलिमीटर डावीकडे सरकत जातो आणि उतरती तिरपी कड तयार होते.

संशोधक हेच चित्र काढतात. त्याला ॲक्टोग्राम म्हणतात. पुष्कळदा ते दोन दिवस शेजारी-शेजारी मांडून ४८ तास रुंद करतात, म्हणजे कडेला तुटलेला पट्टा सलग दिसतो. आम्हीही तसंच करणार.

एका गोष्टीवर मी अडून बसले. प्रत्येक चित्राखाली ठळक लिहायचं : ‘प्रसिद्ध झालेल्या सरासरी आकड्यावरून काढलेलं चित्र. प्रत्यक्ष उंदराची नोंद नाही.’ खऱ्या उंदराची कड इतकी सरळ येत नाही. मधे तो दमतो, मधेच उगाच एक फेरी मारतो. आखीव रेघ पाहून कुणी निसर्ग असाच आखीव असतो असं समजू नये.

२ डिसेंबर

पहिलं चित्र उंदराचं नसून हॅमस्टरचं असणार. कारण सस्तन प्राण्यांत एका जनुकाने घड्याळाचा वेग बदललेला पहिला प्राणी तोच. फळमाशीत असा बदल कोनोप्का आणि बेंझर यांनी १९७१ मध्येच शोधला होता, पण सस्तन प्राण्यांत तसं काही सापडेल का याबद्दल शंका होती. १९८८ मध्ये मार्टिन राल्फ आणि मायकेल मेनाकर यांनी सोनेरी हॅमस्टरमधला ‘टाऊ’ हा बदल प्रसिद्ध केला. त्यांनी तो मुद्दाम घडवला नव्हता. विक्रेत्याकडून आलेल्या प्राण्यांत एक नर २२ तासांच्या लयीचा निघाला. त्याच्या वंशात ज्यांच्याकडे बदललेल्या जनुकाची एकच प्रत आली ते २२ तासांचे, ज्यांच्याकडे दोन्ही प्रती आल्या ते २० तासांचे. मेंडेलचं गणित, फक्त दाण्याच्या आकाराऐवजी तासांत.

२० तासांची पट्टी मुलींनी केली. पहिल्याच ओळीत पट्टा दोनदा सुरू होतोय हे पाहून त्या थबकल्या. मोजणी पुन्हा केली, तरी तेच. बरोबरच आहे. शून्याला एकदा, विसाला दुसऱ्यांदा. आपले पाच दिवस होतात तेव्हा त्या हॅमस्टरचे सहा झालेले असतात, आणि सहाव्या ओळीत पट्टा पुन्हा पहिल्या जागी येतो. हे मी आधी सांगितलं नव्हतं याचं समाधान वाटलं. कागदाने सांगितलं.

याच हॅमस्टरवर पुढे १९९० मध्ये तो प्रयोग झाला, ज्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. मेंदूतलं घड्याळ नष्ट केलेल्या हॅमस्टरमध्ये दुसऱ्या हॅमस्टरच्या गर्भातली तीच ऊती बसवली. लय परत आली, आणि ती देणाऱ्याची आली, घेणाऱ्याची नाही. २० तासांच्या दात्याची ऊती मिळाली की २० तासांची लय. दात्याची लय वेगळी नसती तर कुणाचं घड्याळ चाललंय हे कसं ओळखलं असतं? उत्परिवर्ती प्राण्याचा उपयोग काय, याचं याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

टाऊचं जनुक मात्र २००० साली उमगलं : केसीन कायनेज १ एप्सिलॉन, घड्याळाच्या प्रथिनांवर फॉस्फेट चढवणारं विकर. तोच बदल घातलेला उंदीर २००८ मध्ये आला.

९ डिसेंबर

क्लॉक नावाचं जनुक. आजचा पूर्ण तास यावरच गेला.

शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात जोसेफ ताकाहाशी यांच्या गटाने वाट न पाहता शोध घ्यायचं ठरवलं. ईएनयू नावाचं रसायन नर उंदरांना द्यायचं. त्याने शुक्रपेशींच्या डीएनएत इथे-तिथे एकेक अक्षर बदलतं. मग पिल्लं एकेक करून अंधारात चाकावर ठेवायची. कोणतं जनुक शोधायचं हे आधी ठरलेलं नाही. आधी वेगळं वागणारा उंदीर, मग त्याचं जनुक. सुमारे तीनशे पिल्लांमध्ये एकाची लय २४.८ तासांची निघाली. एवढंच. तासाभराचा फरक. पण तो पुढच्या पिढ्यांत उतरला. बदललेली एक प्रत असलेल्यांची लय २४ च्या जरा वर, आणि दोन्ही प्रती बदललेल्यांची अंधारात २७-२८ तासांवर जाते आणि काही दिवसांनी पार विस्कटते. १९९४ मध्ये हे प्रसिद्ध झालं, १९९७ मध्ये जनुक हाती आलं.

इथे मला फळ्यावर घड्याळाची साखळी काढावी लागली. क्लॉक आणि बीमॅल१ ही दोन प्रथिनं जोडीने डीएनएवर बसतात आणि पर आणि क्राय ही जनुकं चालू करतात. पर आणि क्रायची प्रथिनं हळूहळू साठतात, पेशीकेंद्रात परततात आणि त्या जोडीलाच थांबवतात. उत्पादन बंद. मग साठा मोडत जातो, जोडी मोकळी होते, पुन्हा चालू. ही फेरी पुरी व्हायला दिवसभर लागतो, आणि दिवसभर लागतो हेच घड्याळ.

क्लॉक उंदरात बदल काय, तर जनुकातलं एक अक्षर. त्यामुळे जनुकावरून उतरवलेला संदेश जोडताना एकोणिसावा तुकडा गळतो आणि प्रथिनातली ५१ अमिनो आम्लं जातात. म्हणून त्याला क्लॉक-डेल्टा-१९ म्हणतात. प्रथिन तयार होतं, बीमॅल१ चा हात धरतं, डीएनएवर बसतंही. जनुक चालू मात्र करत नाही.

पट्टी २७ ची धरली. रोज तीन सेंटिमीटर उजवीकडे. उंदराच्या आठ दिवसांत आपले नऊ. खालच्या ओळींत पट्टा मोडून ठिपके ठिपके केले.

तास संपताना एका मुलीने विचारलं, "मॅडम, बिघडलेलं क्लॉक असलं तर लय जाते. मग क्लॉक अजिबातच नसेल तर?" मी वर्गाला विचारलं, तुम्हाला काय वाटतं? सगळे म्हणाले, लगेच थांबणार. कुणीही हात खाली ठेवला नाही. उत्तर पुढच्या वेळी.

१६ डिसेंबर

उत्तर : थांबत नाही.

२००६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्टीव्हन रेपर्ट यांच्या गटाने क्लॉक जनुक पूर्ण निकामी केलेला उंदीर तयार केला. अंधारात ठेवला. तो नियमित धावत राहिला, लय किंचित छोटी झाली एवढंच. वर्गात जरा गलका झाला, एकाने तर मला "असं कसं मॅडम, मग त्या जनुकाला क्लॉक म्हणतातच का?" असं रागाने विचारलं. तो राग मला फार आवडला.

कारण असं : क्लॉकचं जवळचं नात्यातलं एक प्रथिन आहे, एनपास२. क्लॉकची जागा रिकामी असेल तर बीमॅल१ शी तेच जोडी जमवतं. दोन्ही काढली की लय जाते, हे २००७ मध्ये दाखवलं गेलं. पण डेल्टा-१९ उंदरात जागा रिकामी नसते. बिघडलेलं क्लॉक तिथे बसलेलंच असतं, बीमॅल१ ला धरून ठेवतं, आणि बदली येऊ देत नाही.

माझ्या मते या प्रदर्शनात सांगण्यासारखी गोष्ट असेल तर ती हीच. जनुक ‘नसणं’ आणि जनुक ‘बदललेलं असणं’ हे दोन वेगळे प्रयोग आहेत आणि त्यांची उत्तरं उलट येऊ शकतात. पाठ्यपुस्तकात आपण ‘अमुक जनुक बिघडलं म्हणून अमुक झालं’ असं एका ओळीत लिहितो. ती ओळ अपुरी आहे. पहिल्या उंदराने जनुक दाखवलं, दुसऱ्याने त्याचा सोबती दाखवला. फक्त दुसराच तयार झाला असता तर क्लॉक बिनमहत्त्वाचं म्हणून बाजूला पडलं असतं.

मांडणी बदलायची ठरली. आधी शोधाच्या सालाप्रमाणे लावणार होतो. आता डेल्टा-१९ आणि क्लॉक नसलेला उंदीर भिंतीवर मधोमध, एकमेकांशेजारी, आणि बाकी सगळे त्यांच्या दोन्ही बाजूंना.

१८ डिसेंबर

बीमॅल१ नसलेल्या उंदराची पट्टी पाच मिनिटांत झाली, कारण तिच्यात लयच नाही. अंधारात ठेवल्या दिवसापासून ठिपके कुठेही. घड्याळातलं एकच जनुक काढून लय तत्काळ पूर्ण बंद पडते असं हेच एक. २००० साली कळलं. त्याला सोबती नाही असं मुलं लगेच म्हणाली. (बीमॅल२ आहे, पण ते एकटं ही जागा भरून काढत नाही. एवढं तळटीपेत.) या उंदरांचं पुढे काय झालं तेही लिहायला हवं : त्यांना मोतीबिंदू होतो, स्नायू झिजतात, अवयव आकसतात, आणि सरासरी आयुष्य नऊ महिन्यांच्या आत संपतं. निरोगी उंदीर दोन वर्षांच्या वर जगतो. लय गेल्यामुळे हे होतं की बीमॅल१ शरीरात दुसरीही कामं करतं म्हणून, हे एवढ्या एका उंदरावरून ठरत नाही. तसं लिहिलं.

२६ डिसेंबर

थंडी कडाक्याची. निफाडकडून येणारी मुलं सकाळच्या पहिल्या तासाला कानटोपी काढत नाहीत.

आज क्राय. क्राय१ नसेल तर लय साधारण २२.५ तासांची, क्राय२ नसेल तर साधारण २४.६. एकाच घराण्यातली दोन प्रथिनं, एक काढलं की घड्याळ पुढे आणि दुसरं काढलं की मागे. दोन्ही काढली की लय संपली. १९९९, नेदरलँड्समधला गट.

पण मुलं थांबली ती पुढच्या वाक्यावर. दोन्ही क्राय नसलेला उंदीर बारा तास उजेड आणि बारा तास अंधारात ठेवला तर अगदी नेहमीसारखा दिसतो! दिवा मालवला की धावतो, लागला की थांबतो. आत घड्याळच नाही आणि बाहेरून कळत नाही. उजेड त्याला थेट दाबून ठेवतो. म्हणून या भिंतीवरच्या प्रत्येक चित्राच्या वरच्या काही ओळी उजेड-अंधाराच्या आणि खालच्या निव्वळ अंधाराच्या असतील. हे मुलांनी सुचवलं, आणि त्यासाठी सगळी चित्रं वरून वाढवायची तयारीही त्यांनीच दाखवली. पिवळा कागद उजेडासाठी, राखाडी अंधारासाठी.

३१ डिसेंबर

पर१, पर२, पर३. पर२ च्या बदलाने लय आखडते आणि मग विस्कटते. पर३ नसल्याने जवळपास काही होत नाही. पर१ आणि पर२ दोन्ही गेली की काही उरत नाही. एका तक्त्यात तिन्ही. याला जास्त जागा देणार नाही.

८ जानेवारी २०२५

वाणाचा प्रश्न. प्रत्येक पाटीवर ‘मूळ वाण’ असा रकाना का, असं मुलं विचारत होती. उंदीर म्हणजे उंदीर ना?

नाही. सी५७बीएल/६ या काळ्या उंदराच्या शरीरात रात्री मेलॅटोनिन हे संप्रेरक जवळपास तयारच होत नाही. ते बनवणाऱ्या साखळीत त्याच्याकडे दोष आहे. सी३एच वाण ते बनवतो, पण त्याच्यात डोळ्यांचा दोष आहे. काही आठवड्यांत त्याच्या दृष्टिपटलातल्या दंडपेशी मरतात. आणि तरी हाच दोष असलेल्या उंदराचं घड्याळ उजेडाने नीट सरकतं, हे १९९१ मध्ये रसेल फॉस्टर यांच्या गटाने दाखवलं. जवळपास आंधळा उंदीर वेळ मात्र पाहतो. त्यावरूनच डोळ्यात दंडपेशी आणि शंकुपेशींखेरीज उजेड ओळखणारं तिसरं काही असावं असा संशय बळावला, आणि पुढे मेलॅनोप्सिन हे उजेड टिपणारं प्रथिन असलेल्या चेतापेशी सापडल्या. २००३ मध्ये तिन्ही व्यवस्था निकामी केलेले उंदीर तयार झाले, तेव्हा उजेडाशी घड्याळ जुळणं थांबलं.

क्लॉक-डेल्टा-१९ चंही तसंच. काळ्या वाणात त्याचा परिणाम ठळक. बॅल्ब/सी या पांढऱ्या वाणाचं रक्त मिसळलं की तोच बदल बराच दबतो. तो दाबणारं जनुक, यूएसएफ१, २०१३ मध्ये सापडलं.

पिंपळगावचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे डॉगरिजच्या खुंटावर थॉम्पसन द्राक्ष चढवलं की वेगळं येतं आणि तेच स्वमुळावर लावलं की वेगळं येतं, तसंच ना?" वर्गातल्या निम्म्यांच्या घरी बाग आहे, एका क्षणात कळलं सगळ्यांना. मी एवढंच जोडलं की खुंट आणि कलम यांची जनुकं वेगळीच राहतात, उंदराच्या वाणात मात्र ती सगळी एकाच पेशीत एकत्र असतात. पाटीवर त्याचं वाक्य घेतलं आहे, हा फरकही घेतला आहे.

२० जानेवारी

आफ्टर-अवर्स आणि ओव्हरटाइम, आणखी दोन उत्परिवर्ती उंदीर. दोन्ही ईएनयूने घडवलेले, एक इंग्लंडमध्ये हारवेल इथे, दुसरा ताकाहाशींच्या गटात. दोन्हींची लय २६-२७ तासांची. दोघांनी स्वतंत्रपणे जनुक शोधलं, आणि ते एकच निघालं : एफबीएक्सएल३. त्या जनुकातली जागा वेगळी, परिणाम तोच, आणि दोन्ही शोधनिबंध २००७ मधलेच. हे प्रथिन क्रायला मोडीत काढण्यासाठी खूण करतं. खूण नीट झाली नाही की क्राय रेंगाळतो, थांबा लांबतो, दिवस लांबतो. साखळीत ‘साठा मोडत जातो’ असं मी फळ्यावर सहज लिहिलं होतं. तो मोडायला किती वेळ लागतो यावर तासांचा हिशेब अवलंबून आहे, हे या दोघांनी सिद्ध केलं.

३ फेब्रुवारी

माणसाकडे यायचं की नाही यावर चर्चा. मी आधी नको म्हणत होते. पण पाच-सहा मुलांच्या वडिलांची अंबड किंवा सातपूरला रात्रपाळी असते, आणि शेतीच्या वीजेची पाळी रात्रीची आली की घरातलं कुणीतरी पंप चालू करायला मळ्यात जातं. प्रेक्षक हे विचारणारच.

म्हणून एकच पाटी, जिथे दुवा पक्का आहे तिथली. अमेरिकेतल्या युटामधल्या एका कुटुंबात कित्येक जण संध्याकाळी साडेसातच्या सुमारास झोपी जात आणि पहाटे साडेचारला टक्क जागे होत. पिढ्यान्‌पिढ्या. २००१ मध्ये कारण सापडलं : पर२ प्रथिनातल्या ६६२ व्या जागी सेरीनऐवजी ग्लायसीन. तिथे फॉस्फेट बसायला हवा तो बसत नाही. पुढे तोच मानवी बदल उंदरात घातला, आणि उंदराचीही लय आखडली.

"माझे आजोबा आठला झोपतात, चारला उठतात. त्यांनाही असेल?" मी सांगितलं, बाळा, वयाबरोबर झोप अलीकडे येतेच, आणि आजोबांना आयुष्यभर भाजी घेऊन पहाटे बाजार गाठायची सवय. ते तसे तरुणपणीही होते का, सुट्टीतही तसेच असतात का, घरात आणखी कोण तसं आहे, हे आधी विचार. जनुक शेवटी. तो वही घेऊन गेला खरा.

आणखी एक ओळ त्या पाटीवर : उंदीर रात्री जागा, आपण दिवसा, पण मेंदूतल्या घड्याळाच्या त्या ठिपक्यात पर दोघांमध्येही दिवसाच वाढतं. घड्याळ एकाच वेळेला लावलेलं, त्याचा अर्थ शरीर वेगळा घेतं. रात्रपाळीवर सल्ला देणारी पाटी लावणार नाही. उंदरांच्या चाकावरून कामगारांच्या आयुष्यावर उडी मारायचा अधिकार आपल्याला नाही.

१२ फेब्रुवारी

कालपासून बारावीची परीक्षा. वरचे वर्ग गेले. भिंतीऐवजी तळमजल्याच्या हॉलमध्ये दोऱ्या बांधून चित्रं टांगावी लागणार. प्रयोगशाळेतल्या काकांनी सुतळी आणि लाकडी पट्ट्या आधीच काढून ठेवल्या होत्या.

१७ फेब्रुवारी

एक पाटी भारताची असावी असं मनात होतं, ती झाली. मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन यांनी गुहेतल्या वटवाघळांच्या आणि मस बूडुगा या शेतातल्या चिमुकल्या उंदराच्या लयीवर वर्षानुवर्षं काम केलं, माणसांच्या एकांतवासाच्या प्रयोगांसाठी तिथे खास जागाही बांधली. मस बूडुगा हा कुठल्याही प्रयोगशाळेचा वाण नाही, आपल्या बांधावरचा रानउंदीर आहे. प्रयोगशाळेतले वाण पिढ्यान्‌पिढ्या आपसात जुळवून एकसारखे केलेले असतात. एका अक्षराचा परिणाम त्यांच्यातच स्वच्छ दिसतो. पण घड्याळ ज्या ऊन-सावलीत घडलं ती शेतातलीच. दोन्ही लागतात. ही पाटी मी स्वतः लिहिली.

२८ फेब्रुवारी

गर्दी चांगली होती. महाशिवरात्रीला त्र्यंबकला गेलेली काही मुलं दमलेली होती, पण उभी राहिली.

लोक कुठे थांबतात ते पाहत होते. टाऊसमोर थोडे. बीमॅल१ समोर बरेच, आयुष्य कमी होतं हे वाचून. सगळ्यात जास्त वेळ मधल्या जोडीसमोर. तिथे उभ्या असलेल्या मुलीने पद्धत छान शोधली होती : उजवं चित्र झाकून ठेवायची, डावं दाखवून साखळी समजवायची, आणि ‘आता क्लॉक पूर्ण काढलं, सांगा काय होईल’ असं विचारून मगच कागद उचलायची. बहुतेक पालक ‘बंद पडेल’ म्हणाले. एका आजींनी मात्र थोडा विचार करून विचारलं, "त्याच्या जागी कोण येतं?" एवढं नेमकं माझ्या वर्गातही कुणी विचारलं नव्हतं. मुलीने एनपास२ ची पाटी दाखवली.

एक डॉक्टर आले होते, त्यांनी २००४ च्या पर२-ल्युसिफरेज उंदराबद्दल विचारलं : ज्याच्या यकृताचा, फुप्फुसाचा तुकडा बशीत ठेवला तरी तो दिवसाच्या लयीत मंद चमकत राहतो, कारण पर२ ला काजव्याचं विकर जोडलेलं असतं. आम्ही तो घेतलाच नव्हता. चमक कागदावर कशी दाखवायची ते सुचलं नव्हतं.

३ मार्च

चित्रं उतरवली. दिंडोरीच्या एका शाळेने महिनाभरासाठी मागितली आहेत, देणार. सोबत पट्टी कशी कापायची त्याचं एक पान आणि कोरे रोल देते आहे, म्हणजे तिथली मुलं एखादा उंदीर स्वतः करतील. त्यांना आफ्टर-अवर्सचा आकडा दिला आहे, चित्र दिलेलं नाही.

पर२-ल्युसिफरेजसाठी भौतिकशास्त्राच्या सरांशी बोलणं झालं. एलईडी हळूहळू उजळून मंद होईल असं सर्किट ते बसवून देतील. मेंदू, यकृत आणि फुप्फुस असे तीन दिवे, तिघांची लय सारखी पण शिखर वेगवेगळ्या वेळी. एक तास बरोबर एक सेकंद धरला तर दिवस २४ सेकंदांचा होतो. उभ्या माणसाला तेवढं पाहवेल.